रक्ताची बारी

जाफराबाद,
मंगळवार, ८ एप्रिल २०२५

साक्षी,

तू मला ब्लॉक केलंस तेव्हा तुला वाटलं असंल, की आता हा गप्प बसतो. मी सरळ पोस्टात गेलो. आंतरदेशीय पत्र मागितलं तर काउंटरवरचे काका म्हणले, "कोण वारलं?" म्हणलं, जिवंत माणसालाच लिहायचंय, फक्त ते माणूस फोन उचलत न्हाई.

दिवसाला चाळीस मेसेज पाठवले ही माझी चूक. मान्य. पण आज लिहायचं कारण वेगळं आहे.

बसस्टँडमागं गाद्या भरणारे मुबारकचाचा आहेत, तुला आठवत असतील. त्यांची नात कहकशा, सहा वर्षांची. तिला थॅलेसेमिया आहे. दर एकवीस दिवसांनी दुसऱ्याचं रक्त चढवावं लागतं, तरच पोरगी चालते-बोलते. रक्त तुमच्याच पेढीतून येतं, म्हणजे तुला हे माझ्यापेक्षा जास्त माहीत. मला मात्र मागच्या आठवड्यात कळलं. चाचा म्हणले, उन्हाळ्यात कॉलेजं बंद, शिबिरं बंद, रक्त मिळंना. माझं डोकंच फिरलं. काकाच्या मोबाईलच्या दुकानातून स्टँड आणला आन् तिथंच व्हिडिओ काढला. कहकशा कापसाच्या ढिगात बसलेली, मागं चाचाच्या हातात सुई-दोरा. ती कॅमेऱ्यात बघून म्हणती, "मेरेकू खून होना." बस. अकरा सेकंद.

चार दिवसांत चार लाख लोकांनी पाह्यला. खोटं वाटत असंल तर अनब्लॉक करून बघ.

येत्या रविवारी, तेरा तारखेला, सगळ्यांना तुमच्या पेढीवर बोलावलंय. जाफराबादहून सहा जीपा ठरल्यात. तू तिथं शिकाऊ टेक्निशियन म्हणून उभी असशील आन् माझ्यामुळं दारात रांग लागलेली असंल. कॉलेज सोडलं म्हणून मला वाया गेलेला म्हणणाऱ्यांनी ती रांग मोजावी. तू पण मोज. त्या सरांनी भर वर्गात तुला "पोरींना शेवटी लग्नच करायचं" म्हणलं तेव्हा मी टेस्ट ट्यूबचा स्टँड आपटून बाहेर पडलो, ते उगाच न्हाई पडलो.

तुझाच,
कल्याण

---

जालना,
१६ एप्रिल २०२५

कल्याण,

रांग मोजली. दोनशे बारा माणसं होती. आमच्याकडे खाटा चार.

एकशे अठरा जणांचं रक्त घेतलं. बाकीच्यांना परत पाठवताना दोघांनी माझ्या टेबलावर हात आपटले, कारण त्यांना रक्त देतानाचा फोटो हवा होता. तिघं उपाशीपोटी आलेले, त्यातला एक दारातच पडला. कडूबांनी उचलून आत आणला, साखरपाणी दिलं, पंख्याखाली झोपवला. कडूबा नसते तर त्या दिवशी माझं काही खरं नव्हतं.

कहकशाला रक्त चढलं. आईच्या, शबनमभाभीच्या मांडीवर बसून तिने दोन केळी खाल्ली. एवढं चांगलं झालं.

पण लोक आपापल्या मनाने आले असते, तर मला जास्त आवडलं असतं; दोनशे बारा एकाच दिवशी नको होते. मी पेढीत काम करते, त्यामुळे मला पुढचे दिवस दिसतात. ४ मेचं भागेल. २५ मेला काय, ते मला सांगता येत नाही. तू म्हणशील, ही नेहमी रडते. म्हण.

आणि त्या सरांचं पुन्हा काढलंस म्हणून लिहिते. तू स्टँड आपटून गेलास, प्रॅक्टिकलची परीक्षा मला त्यांच्याच समोर द्यायची होती. तुझ्या आपटण्याबद्दल माफी मी मागितली. मला विचारून आपटलं असतंस तर मी नको म्हणाले असते.

साक्षी

---

जाफराबाद,
२१ एप्रिल २०२५

साक्षी,

पत्र सात वेळा वाचलं. "एवढं चांगलं झालं" हे वाक्य आठ वेळा.

बाकी तू नाराज आहेस ते कळलं, पण कशावर ते कळंना. अख्खा तालुका माझं नाव घेऊन राह्यला. टेंभुर्णीपासून पोरं दुकानात येऊन हात मिळवतात. कहकशाला बघायला तर बिलकुल जत्रा. लोक येतात, तिच्यासंगं फोटो काढतात, खाऊ देतात. आन् तू म्हणतेस, कमी यायला पाहिजे होते. जगात रक्त जास्त झालं म्हणून रडणारी तू एकटीच असशील. पंचवीस मेला काय म्हणजे? दोनशे बारा आले तर पुढच्या बारीला चारशे आणतो. बटण दाबायची देर.

आता खरं विचारायचं ते. हा कडूबा कोण? नाव जुन्या वळणाचं आहे, पण हल्ली लोक आजोबाचं नाव नातवाला ठेवतात. "कडूबांनी उचलून आणला", "कडूबा नसते तर". एवढा आदर बाया कुणाला देतात ते मला माहीत आहे. दवाखान्यात नोकरी, जालन्यात घर, असं स्थळ असंल तर तुझ्या वडलांनी तीर्थपुरीहून येऊन बघून पण घेतलं असंल. असंल तर सांगून टाक, मी वाटेत येणारा माणूस न्हाई. पण नसंल तरी सांग. जल्दी सांग.

त्या सरांच्या बाबतीत तू माफी मागितलीस हे मला आजवर माहीत नव्हतं.

कल्याण

---

जालना,
२९ मे २०२५

कल्याण,

महिनाभर उत्तर दिलं नाही, कारण कडूबाच्या प्रश्नाला उत्तर द्यावं असं वाटलं नाही. आज लिहिते आहे ते सोमवारी तू जे केलंस त्यामुळे.

रविवारी कहकशा आली तेव्हा तिच्या गटाची पिशवी आमच्याकडे नव्हती. जिल्ह्यात कुठेच नव्हती. मुबारकचाचांनी तुला फोन केला. तू सोमवारी आलास, दारातून आत येतानाच लाइव्ह सुरू केलंस. "एकशे अठरा पिशव्या कुठं गेल्या? कुणाला विकल्या?" काचेमागे मी उभी होते. छातीवर माझ्या नावाची पट्टी. नऊ लाख लोकांनी ती वाचली. खाली लोकांनी मला चोर म्हटलं आहे, आणखीही बरंच म्हटलं आहे. अण्णांनी तीर्थपुरीत चहाच्या टपरीवर पाहिलं. ते म्हणतात, शिक्षण पुरे, सामान बांध. मी त्यांच्याकडून जूनअखेरपर्यंतची मुदत मागून घेतली आहे.

आता पिशव्यांचं ऐक. तू त्या दिवशी काचेवर हात आपटत होतास, म्हणून ऐकू गेलं नसेल.

रक्त पस्तीस दिवस टिकतं. १३ एप्रिलचं रक्त १८ मेला संपलं. त्यातलं बहुतेक लोकांना चढलं: बाळंतिणींना, अपघातवाल्यांना, आणखी आठ थॅलेसेमियाच्या मुलांना. जास्तीचं दुसऱ्या पेढ्यांना देऊ म्हटलं, तर त्याही तुझाच व्हिडिओ बघून आलेल्या आणि आम्ही परत पाठवलेल्या लोकांनी भरलेल्या. एकोणीस पिशव्या आम्ही नष्ट केल्या. त्यांच्या चिठ्ठ्या मीच काढल्या, त्यातल्या सहांवर जाफराबाद लिहिलं होतं. आणि एकदा रक्त दिलेल्या माणसाला तीन महिने परत देता येत नाही. म्हणजे तुझ्या तालुक्यातला प्रत्येक धडधाकट माणूस १२ जुलैपर्यंत आमच्या कामाचा नाही. तू एकाच दिवशी सगळी टाकी उपसलीस. विकलं कुणी नाही.

तरी मी म्हटलं, कुणीतरी राहिला असेल. १३ एप्रिलचं रजिस्टर काढलं. जाफराबादच्या सदुसष्ट जणांची नावं बोट ठेवून वाचली. तुझं नाव नाही. परत पाठवलेल्यांच्या यादीतही नाही. तू बी पॉझिटिव्ह आहेस, कहकशाही तीच. पहिल्या वर्षाला आपण एकमेकांचे गट तपासले होते, मी बोटाला टोचलं तेव्हा तू डोळे गच्च मिटले होतेस. त्या रविवारी तू दिवसभर काय करत होतास? शूटिंग.

सोमवारी अख्ख्या जिल्ह्यात जो माणूस लगेच रक्त देऊ शकत होता, तो माझ्यासमोर उभा राहून विचारत होता, रक्त कुठं गेलं.

पोरीला बुधवारी पिशवी मिळाली. कुठून ते विचारू नकोस. पुढची तारीख १८ जून.

साक्षी

---

जाफराबाद,
१७ जून २०२५

साक्षी,

हे पत्र मी एकोणीस दिवस लिहून राह्यलो. आधीची चार फाडली, कारण त्या चारीत मी कुठं ना कुठं बराबर निघत होतो.

लाइव्ह काढून टाकलं. ज्या पानावर तुला चोर म्हणलं तिथंच उभं राहून सांगितलं, की पिशव्यांचा हिशोब मला समजत नव्हता, आन् विचारायच्या आधी मी ओरडलो. ते नऊ लाखांनी न्हाई पाह्यलं, अकरा हजारांनी पाह्यलं. माफी धावत न्हाई, हे कळलं. मंग मी तीर्थपुरीला गेल्तो. हो, तुझ्या घरी. अण्णांनी पाणी दिलं न्हाई, पण दारातून हाकललं पण न्हाई. तुझ्या पत्रातलं पिशव्यांचं सगळं त्यांना सांगितलं. ते एवढंच म्हणले, "ही गोष्ट त्या टपरीवर जाऊन सांग." गेलो. सांगितली. लोक चहा पीत ऐकत होते. एकजण म्हणला, "मंग पोरीनं चोरी केली न्हाई तर व्हिडिओ कशाला काढला रे?" येईल त्याला परत तेच सांगत मी तिथंच उभा राह्यलो. अण्णा मागं येऊन बसलेले मला नंतर दिसले.

त्याच्या आधी चाचाकडं गेल्तो. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. टाका घालता घालता म्हणले, "बेटा, तू दिल का अच्छा है. लेकिन लोगां आते, बच्ची के साथ फोटो निकालते, रोते, जाते. कहकशा पूछी मेरेकू, दादा, मैं मरनेवाली हूँ क्या? मैं क्या बोलूँ, तू बोल." मी तिच्याकडं बघितलं तर ती माझ्याच मोबाईलमध्ये गेम खेळत होती. पहिला व्हिडिओ पण मी तिथंच, तिच्याच हातानं काढून टाकला. चार लाख गेले. तिला विचारलं, राग आला का? म्हणली, "नै, मैं उसमें मोटी दिखती."

आता सुईचं. मी भितो. कुणाला सांगितलं न्हाई, तुला माहीतच होतं. परवा, पंधरा तारखेला रविवारी, पेढीत आलो. मुद्दाम तुझी सुट्टी बघून आलो, कारण तुझ्यासमोर पडलो असतो तर गावात राहाणं मुश्किल. मोबाईल काकाच्या दुकानात ठेवून आल्तो. खाटेवर झोपलो, पांढऱ्या मिशांचा एक म्हातारा माझा हात धरून उभा राह्यला आन् मला एस.टी.च्या गोष्टी सांगायला लागला, भोकरदनच्या घाटात ब्रेक कसे गेले ते. गोष्ट संपली तवर पिशवी भरली. नाव विचारलं. म्हणला, कडूबा. एस.टी.तून रिटायर झालो, आता पेढीची गाडी चालवतो. तुझ्या वाट्याचं तेवढं हसून घे.

त्यांनीच सांगितलं, की सत्तावीस मेला रक्त कुणी दिलं. काच पुसून, दाराला कडी लावून, मंग साक्षी स्वतः खाटेवर जाऊन झोपली म्हणले, तिचा पण गट तोच. तुझ्याकडून मला ते कधी कळलं नसतं.

आता पुढचं. आमच्या वडलांची आन् दोन चुलत्यांची विहीर सामाईक आहे. मोटर चालवायची बारी ठरलेली: सोम-मंगळ आमचे, बुध-गुरू थोरल्याचे. ज्याची बारी त्यानंच बटण दाबायचं. एकदा तिघांनी एकाच दिवशी उपसली तर आठ दिवस विहीर कोरडी होती, तेव्हापासून भिंतीवर खडूनं बारी लिहितात. ती भिंत मी रोज बघतो आन् दोनशे बारा माणसं एका दिवशी घेऊन गेलो.

रक्ताची बारी लावतो. गावागावाची. तुझ्याशिवाय लावत न्हाई, कारण नियम तुला माहीत आहेत. या वेळी आधी विचारून राह्यलो. लावू का?

कल्याण

---

जालना,
२४ जून २०२५

कल्याण,

लाव.

पण असं. एका तारखेला आमच्या पेढीत जाफराबादची सहाच माणसं. वय अठराच्या वर, वजन पंचेचाळीसच्या वर, पोट भरलेलं. पुरुषाची बारी नव्वद दिवसांनी, बाईची एकशे वीस दिवसांनी, त्याच्या आधी कुणी कितीही हट्ट केला तरी नाही. कहकशाचा चेहरा कुठेही दिसायचा नाही. नाव नाही, आवाज नाही. आणि एका मुलीसाठी म्हणून नाही. आमच्याकडे नऊ मुलं येतात. यादी मुलीची नको, तारखेची कर.

उत्साहाने आलेल्याला परत पाठवणं जमेल का तुला? मला वाटतं तिथेच तुझं गाडं अडेल. तुला नाही म्हणायची सवय नाही आणि ऐकायचीही नाही.

अण्णांचा फोन आला होता. मुदतीचं काही बोलले नाहीत. "तो पोरगा टपरीवर सव्वा तास उभा होता," एवढंच म्हणाले. मी सामान बांधलेलं नाही.

१८ तारखेला कहकशाला जे रक्त चढलं त्या पिशवीच्या चिठ्ठीवर जाफराबाद लिहिलेलं होतं. मीच लावली.

साक्षी

---

जाफराबाद,
१ सप्टेंबर २०२५

साक्षी,

अहवाल सादर करतो. वाचून फुगू नकोस, अर्धं काम तुझ्या नियमांनी केलं.

दुकानाच्या आतल्या भिंतीवर चुना मारला आन् बारी लिहिली. मोबाईल दुरुस्तीला आलेला माणूस वाट बघत बसतो, बसल्या बसल्या वाचतो आन् विचारतो, आमच्या गावाचं नाव कुठाय. नऊ जुलैला आपल्याकडं माणूसच नव्हता, सगळे बारा तारखेपर्यंत बाद. मंग मामाच्या गावाला, वाटूरला, गेलो. तिथं माझा व्हिडिओ कुणी पाह्यलाच नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा या गोष्टीचा आनंद झाला. सहाजण आणले.

तीस जुलै, वीस ऑगस्ट, दोन्ही बराबर पार पडल्या. व्हिडिओ अजून काढतो, सोडले न्हाईत. पण आता त्यात फक्त ती भिंत असती आन् माझा आवाज: "हा व्हिडिओ वीस ऑगस्टपर्यंतच. माहोरा आन् वरुड, तुमची बारी. सहा माणसं. बाकीच्यांनी घरी राहायचं." तारीख गेली की काढून टाकतो. वीस ऑगस्टचा एकशे चाळीस लोकांनी पाह्यला. सहा पाहिजे होते, सात आले.

सातवा परत पाठवला. तू म्हणली होतीस ना, तिथंच अडंल. अडलं. माहोऱ्याचा पैलवान होता, आंघोळ करून, नवा शर्ट घालून आल्ता. म्हणला, "माझ्या रक्तात काय खोट आहे काय?" मी म्हणलं, पैलवान, तुमचं रक्त चांगलं आहे म्हणूनच दहा सप्टेंबरला पाहिजे, आज ते पिशवीत शिळं करायचं न्हाई. त्यानं नव्या शर्टाच्या बाह्या वर सारल्या. मला वाटलं, आता उचलून आपटतो. मंग म्हणला, "भिंतीवर लिही. मोठ्या अक्षरात लिही." लिहिलं. रोज येऊन बघून जातो, पुसलं तर न्हाई.

चाचाच्या दुकानापुढची गर्दी बंद झाली. कहकशा शाळेत जाती. तिथल्या पोरांना ती आता व्हिडिओवाली वाटत न्हाई, गणिताच्या तासाला मारामारी करणारी वाटती. मला बघितलं की विचारती, "तेरा नंबर कब है?"

माझा नंबर तेरा सप्टेंबरनंतर कधी पण. भिंतीवर एक ऑक्टोबरच्या खान्यात मी माझं नाव लिहिलंय. त्या खान्यात पाच जागा मोकळ्या आहेत. मी बोटावर हिशोब केला: तुझे एकशे वीस दिवस चोवीस सप्टेंबरला भरतात. पण तुझं नाव मी लिहिलं न्हाई. चार दिवस खडू हातात घेऊन उभा राह्यलो आन् ठेवून दिला. आधी विचारायचं ठरलंय.

अजून एक. कॉलेजात गेल्तो. त्याच सरांसमोर. माफी मागितली, स्टँडबद्दल. ते तुला जे बोलले त्याबद्दल न्हाई मागितली, ते त्यांनी मागायची. तसं त्यांना सांगितलं पण, आवाज न चढवता. दुसऱ्या वर्षाचा फॉर्म भरला.

तुझं नाव लिहू का?

कल्याण

---

जालना,
१० सप्टेंबर २०२५

कल्याण,

रविवारी पैलवान आले होते. रक्त देऊन झाल्यावर विचारत होते, परत भिंतीवर नाव कधी. नव्वद दिवसांनी म्हटलं तर हिरमुसले.

माझं नाव लिही. तुझ्या नावाच्या खाली नको, शेजारी लिही. अक्षर नीट काढ, तुझा "क्ष" मला कधीच आवडला नाही.

१ ऑक्टोबरचं रक्त आधी तपासून ठेवावं लागतं, म्हणून रविवारी २८ सप्टेंबरला सकाळी ये. जेवून ये. मोबाईल दुकानातच ठेव. शेजारशेजारच्या दोन खाटा कडूबांनी आत्ताच धरून ठेवल्या आहेत. ते म्हणतात, घाटाची गोष्ट अर्धीच सांगितली होती. खरं तर आख्खी सांगितली होती, पण त्यांना यायचंय.

दिल्यानंतर पंधरा मिनिटं बसून राहावं लागतं, हा पेढीचा नियम आहे. तेवढ्या वेळात उठायचं नाही आणि ओरडायचंही नाही. चहा मी आणेन. पंधरा मिनिटांत तुला जे सांगायचं ते सांग, चाळीस मेसेजचं एकदम नको, एका वेळी एक. उरेल ते पुढच्या बारीला.

तुझा फोन नंबर मी अजून अनब्लॉक केलेला नाही. पत्रं येत राहू देत.

साक्षी